आधी काय? नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची वाटचाल

स्मरणिकेत मंडळीचा इतिहास लिहायचा म्हटले की हात आपोआप दोन गोष्टींकडे जातो, पाळकांची यादी आणि इमारतीची हकीकत. पहिली भिंतीवरच्या फळीवर रंगवलेली असते, दुसरी कोनशिलेवर. दोन्ही वाचायला फार वेळ लागत नाही. पण मंडळी जगली कशी हे त्यातून कळत नाही. नगरच्या मंडळीचे जुने अहवाल, ‘ज्ञानोदय’ या पत्राचे अंक आणि घरोघरच्या आठवणी एकत्र ठेवल्या, तर सगळ्या पिढ्यांतून एकच भांडण ऐकू येते. पैसा थोडा, सेवक थोडे, मग आधी काय? शाळा की सुवार्ता? शहर की खेडी? बाहेर जाऊन सांगणे आधी, की आत आलेल्यांना पक्के करणे आधी? हा लेख त्या भांडणाचा इतिहास आहे.

सुरुवात नगरला नाही, मुंबईला झाली. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे प्रतिनिधी मुंबईच्या बंदरात उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते आणि परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. कसेबसे राहायला मिळाले, तेव्हा त्यांनी मराठी शिकायला घेतली, 1815 मध्ये शाळा काढली आणि 1817 मध्ये मराठी छपाई सुरू केली. पुढे याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी टाइपाचे काम शिकले आणि त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. मिशनऱ्यांच्या मनात काय होते आणि महाराष्ट्राच्या हाती काय पडले, यातले अंतर असे पहिल्यापासूनचे आहे. 1826 साली मराठी नवा करार छापून पुरा झाला. त्याच साली हॉल नाशिक-त्र्यंबककडच्या फेरीवर गेले, तिकडे पटकीची साथ होती, आणि परतताना वाटेतच ते वारले. तेरा वर्षांच्या कामानंतर बाप्तिस्मा घेतलेल्यांची गणती हाताच्या बोटांवर होण्यासारखी होती. अमेरिकेत बसून वर्गणी देणाऱ्यांना हे पचायला जड गेले असणार.

नगरचे ठाणे उघडले ते 1831 च्या डिसेंबरात. ॲलन ग्रेव्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी हे तिघे आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. घाटावरची कोरडी हवा, जवळ लष्कराची छावणी, आसपास खेड्यांचा मोठा पट्टा, असा हिशेब होता. शहरातल्या शिकलेल्या लोकांशी वाद घालावा, ते पटले की बाकीचे आपोआप येतील, अशी कल्पना. प्रत्यक्षात पहिल्या मंडळीत कोण आले? मिशनने निराधारांसाठी एक आश्रयस्थान चालवले होते. तिथे आंधळे, पांगळे, म्हातारे, ज्यांना घरात आणि गावात कुठेच जागा नव्हती असे लोक राहत. बाबाजी त्यांच्याकडे बघत, त्यांना शिकवत. 1833 मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्या पाटावर आधी बसले ते हेच लोक. हर्वी 1832 मध्येच पटकीने गेले होते, बाबाजीही 1833 मध्ये त्याच रोगाने गेले. हॉलिस रीड यांनी नंतर बाबाजींचे चरित्र इंग्रजीत लिहिले. आपल्या मंडळीचा पहिला देशी सेवक आधी अमेरिकेतल्या वाचकांना माहीत झाला आणि आपल्याला उशिरा, हे थोडे विचित्र वाटते खरे.

म्हणजे ‘आधी काय’ याचे पहिले उत्तर मिशनच्या बैठकीत ठरलेच नाही. ज्यांना कोणी विचारत नव्हते ते दारात आले, आणि त्यांना आत घेणे हेच पहिले काम झाले.

पुढच्या वीस वर्षांत नगरमध्ये एकाच वेळी अनेक कामे चालली. हेन्री बॅलंटाइन 1835 मध्ये आले आणि तीस वर्षे राहिले. त्यांनी उपासनेसाठी मराठी गीते रचली, गोळा केली, छापली. 1842 च्या जूनमध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले, तेही नगरहून. ते काही वर्षांनी मुंबईला गेले, पण जन्माचा दाखला नगरचा आहे आणि तो आपण सोडू नये. धर्मचर्चा तर त्यात होतीच. शिवाय ग्रहणे का लागतात, आगगाडी कशी चालते, विधवांचे काय, दारूचे काय, हेही होते. ख्रिस्ती न झालेल्या वाचकांनी ते वाचले, त्याला उत्तरे लिहिली, शिव्याही दिल्या. शिव्या देण्यासाठी का होईना, वाचावे लागले.

आणि मिस सिंथिया फॅरार. 1827 मध्ये त्या मुंबईला आल्या. लग्न न झालेल्या बाईला एकटीला इतक्या दूर कामावर पाठवणे तेव्हा अमेरिकेतही नवेच होते. 1839 पासून त्या नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहायला जोतीराव फुले नगरला आले होते, आणि त्या पाहून आपल्याकडेही असे काही करावे हे मनाने घेतल्याचे त्यांनी स्वतः ‘ज्ञानोदया’त 1853 साली सांगितले. सावित्रीबाईंनी फॅरारबाईंच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले असे त्यांचे चरित्रकार लिहितात. आता हिशेबी माणूस विचारील, की या शाळांतून किती मुली ख्रिस्ती झाल्या? फार नाही. मिशनच्या वार्षिक अहवालात हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारत असणारच. पण नगरच्या त्या वर्गांतून एक ठिणगी पुण्याला गेली. ती कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही.

नेमका हाच रकान्यांचा प्रश्न घेऊन 1854 च्या अखेरीस बॉस्टनहून पाहुणे आले. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांच्यासोबत ऑगस्टस टॉम्सन. अँडरसनसाहेबांचे म्हणणे सरळ होते. मिशनरी हा कायमचा पाहुणा नसावा. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, आणि सुवार्ता स्वतः सांगावी. त्यासाठी देशी पाळक हवेत, खेडोपाडी लहान मंडळ्या हव्यात, शिकवणे मराठीतून हवे. इंग्रजी शाळा आणि छापखाना हे सगळे ओझे आहे, ते कमी करा.

या भेटीला इतिहासात शिव्याही पडल्या आणि ओव्याही. मला वाटते दोन्ही रास्त आहेत. त्याच 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. (खिस्ती हे आडनाव धर्मांतरानंतरचे नव्हे, घराण्याचे आधीपासूनचे आहे. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगता सांगता नगरकरांची हयात गेली.) व्यासपीठावर गोऱ्या साहेबाऐवजी आपल्यासारखे बोलणारा, आपल्यासारखा पंचा खांद्यावर टाकणारा माणूस उभा राहिला. पाळक जन्माने ब्राह्मण, आणि पुढे बसलेल्या मंडळीत महार-मांग समाजातले लोक बहुसंख्य. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन. त्या काळच्या नगरमध्ये हे दृश्य पाहायला लोक खिडकीशी उभे राहत असतील, तर नवल नाही.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. इंग्रजी शिक्षण आखडले, छापखाना गेला. मंडळीतल्या बापांना वाटू लागले की आपल्या पोरांना सरकारी नोकरीची वाट बंद झाली. इंग्रजी शिकून मुले मिशन सोडून जातात, ही मिशनऱ्यांची तक्रार. इंग्रजी न शिकून मुले कुठेच जाऊ शकत नाहीत, ही मंडळीची. दोन्ही खऱ्या. गरीब माणसाला ‘आधी आत्मा, मग पोट’ असे सांगणारा स्वतः बहुधा जेवलेला असतो. हा धडा पुढच्या पिढीने अँडरसनसाहेबांच्या नकळत दुरुस्त केला. शाळा पुन्हा वाढल्या आणि हायस्कूल आले.

अँडरसन यांच्या तीन सूत्रांपैकी स्वतःचा खर्च स्वतः करणे हे सगळ्यांत कठीण निघाले. कोरडवाहू जमिनीवर मजुरी करणारी, गावची बलुती करणारी माणसे पाळकाचा पगार कुठून देणार? दुष्काळी वर्षी तर दानपेटी उलटी केली तरी पैसा पडायचा नाही. उत्तर बायकांनी शोधले. भाकरी थापायला बसण्यापूर्वी पिठातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याला ते मडके मंडळीत न्यायचे. देणगीदारांच्या याद्यांत ही नावे नाहीत, कारण मूठभर पिठाची पावती कोण फाडतो?

खेड्यांकडे वळायचे, तर वडाळ्याचे नाव आधी घ्यावे लागते. सॅम्युएल फेअरबँक 1857 पासून तिथे राहिले. हे गृहस्थ पाळक, शेतकरी आणि पक्षीशास्त्रज्ञ असे तिन्ही होते. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात आढळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचे नाव आहे. वडाळा, शिंगवे, चांदा, खोकर या गावांतून लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. तिथले काम शहरापेक्षा वेगळे होते. गावात नवा ख्रिस्ती झालेला माणूस पाण्यावरून, वाटेवरून, मेलेले जनावर ओढायचे की नाही यावरून रोज अडवला जाई. त्याला शास्त्रातले दाखले तर हवेच होते, पण त्याआधी पाठीशी कोणीतरी उभे राहणे हवे होते. गावोगावच्या मंडळ्यांनी मिळून आपले संघ केले आणि त्यांना मोठे सुंदर नाव दिले, ‘ऐक्य’. ऐक्याच्या सभेला माणसे बैलगाडीने, पायी, भाकऱ्या बांधून येत. तिथे कारभार चाले, भांडणे मिटत आणि नवी उकरली जात, लग्ने जुळत. आध्यात्मिक वाढ कशी होते असे कोणी विचारले, तर मी एखाद्या प्रवचनापेक्षा त्या बैलगाड्यांकडे बोट दाखवीन.

आता गाण्याची गोष्ट. आपल्या मंडळीने महाराष्ट्राला सर्वांत मोठी देणगी दिली ती इथेच, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या पिढीच्या गीतांत शब्द मराठी होते, चाली परदेशी. एका अक्षरावर जिथे श्वास घ्यायचा तिथे मराठी माणूस घेत नाही, आणि जिथे तो घेतो तिथे चाल घेऊ देत नाही. मंडळी गायची, पण उसने अंगरखे घालून आल्यासारखी. 1860 च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात पुढे येते. वाजवायला तेच टाळ, तेच मृदंग, तीच पूर्वरंग-उत्तररंगाची रचना. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे, नाहीतर योसेफाचे. काही मिशनऱ्यांना धास्ती वाटली, की हे परत देवळाकडे जाणे तर नव्हे? काही नव्या ख्रिस्ती लोकांनाही वाटली. जे मागे टाकून आलो तेच पुन्हा कशाला? पण चावडीसमोर कीर्तन लागले की गाव येऊन बसे. पत्रके वाटणाऱ्याला ज्या गावात कोणी पाणी विचारत नसे, त्याच गावात कीर्तनकाराला रात्री दोन वाजेपर्यंत उठू देत नसत. बाहेरच्यांना सांगणे आणि आतल्यांना पक्के करणे, ही दोन कामे वेगळी आहेत असे बैठकीत मानले जाई. कीर्तनात ती एकाच घोंगडीवर बसली.

1876 ते 1878 चा दुष्काळ आणि पुन्हा 1899-1900 चा. नगर जिल्हा दोन्ही वेळा होरपळला. या वर्षांनी मंडळीची सगळी गणिते पालटली. अनाथ मुले शेकड्यांनी आली. त्यांना आधी अन्न, मग कपडा, मग हाताला काम. सुतारकाम, विणकाम, गालिचे यांचे शिक्षण सुरू झाले. डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने नगरला बसून वेगाने चालणारा हातमाग तयार केला. ‘तांदळाचे ख्रिस्ती’ हा टोमणा या काळात ऐकावा लागला. त्याला उत्तर देताना आपण उगाच ओशाळतो. भुकेलेल्या मुलाला खायला घालून मोठे केले, आणि मोठे झाल्यावर ते आपल्यातच राहिले, यात ओशाळण्यासारखे काय आहे? मात्र आश्रितांची मंडळी आश्रितच राहू नये, ही काळजी खरी होती, आणि ती पूर्णपणे सुटली असे म्हणता येत नाही. मिशनकडे बघून हात पसरण्याची सवय दोन-तीन पिढ्यांना लागली. स्मरणिकेत हे लिहू नये असे कोणाला वाटेल, पण नुसत्या कौतुकाची स्मरणिका कोणी वाचत नाही.

या काळातला कर्ता माणूस रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म मुंबईचा, 1847 चा. 1874 मध्ये मिशनरी होऊन परतले, आणि 1878 मध्ये नगरला ईश्वरविज्ञानाचे विद्यालय काढले. त्यांच्याकडे शिकणारे, नव्याने विश्वासात आलेले लोक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत. ‘आमचे आईबाप, आजे-पणजे ख्रिस्ताचे नाव न ऐकता गेले. त्यांचे काय?’ हा प्रश्न पुस्तकी नव्हता. ज्या घरात पितरांची आठवण भाद्रपदात दरवर्षी होते, त्या घरातून तो आला होता. 1886 मध्ये अमेरिकेला गेले असताना ह्यूम यांनी जाहीरपणे म्हटले, की ज्यांना या जन्मी संधीच मिळाली नाही त्यांना देव मृत्यूनंतरही संधी देत असेल अशी आशा ठेवायला जागा आहे. एवढ्यावरून बोर्डात वादळ उठले आणि त्यांना परत पाठवायचे की नाही यावरच खल झाला. 1887 मध्ये ते नगरला परतले. नगरच्या शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाने बॉस्टनच्या धर्मपंडितांची झोप उडवली, हे आपल्या इतिहासातले एक फार सुखद पान आहे. शिकवणे एकाच दिशेने वाहत नव्हते.

नारायण वामन टिळक या वळणावर आले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्याच हातून व्हावा हा त्यांचा आग्रह होता, आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. पुढची वर्षे नगर आणि राहुरीची. विद्यालयात शिकवणे, कविता, कीर्तने, घरात सतत कोणीतरी आश्रयाला, आणि खिशात पैसे कधीच नाहीत. लक्ष्मीबाई पाच-साडेपाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त नगर-राहुरीचे दिवस वाचताना कळते, की विश्वास वाढतो म्हणजे नेमके काय होते. सोवळ्यात वाढलेली बाई, नवरा बाटल्याने पोळलेली, आणि तिला एके दिवशी उमगते की जाती देवाने केलेल्या नाहीत. त्यानंतर तिने व्याख्यान दिले नाही, चूल आणि पाण्याची घागर मोकळी केली. आमच्या मंडळीत ‘साक्ष’ हा शब्द फार वापरला जातो. त्या घागरीइतकी स्वच्छ साक्ष क्वचितच कोणी दिली असेल.

टिळकांच्या पदांनी उसना अंगरखा उतरला. अभंग, ओवी, भजन यांतून ख्रिस्त मराठीत बोलू लागला. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून त्यांची पदे काढली तर पुस्तक निम्मे होईल. 1912 पासून शेवटपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. तरीही 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांचा. मंडळीतल्या कित्येकांना ते रुचले नाही. मग बाप्तिस्म्याला अर्थ काय राहिला, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो वावगा नव्हता. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण प्रश्न उरलाच. दारापाशी उभ्या असलेल्या, मनाने आत आलेल्या माणसाला आपण काय म्हणायचे?

बायबल बायांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुरुष प्रचारकांना ज्या माजघरात पाऊल ठेवता येत नसे, तिथे या बाया शिवणकाम आणि अक्षरओळख घेऊन गेल्या. डॉ. ज्युलिया बिसेल आणि डॉ. रूथ ह्यूम यांनी बायकामुलांसाठी दवाखान्याचे काम उभे केले, तेव्हा बाळंतिणींना तिथवर जायला राजी केले याच बायांनी. अहवालात त्यांची संख्या येते, नावे येत नाहीत.

विसाव्या शतकाचा पुढचा भाग संस्थांचा आणि जोडण्यांचा. 1924 मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, त्यांत आपल्या मराठी मंडळ्याही होत्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. पंचांचा कारभार मोडून बिशप आले, याची कुरकूर जुने लोक पुढे बरीच वर्षे करत होते. त्याआधी, 1947 मध्ये, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. मिशनच्या साहेबांनी काढलेली ही संस्था नव्हती. नगरच्याच मंडळीत वाढलेल्या माणसाने काढली आणि सर्व धर्मांच्या मुलांसाठी काढली. नव्वद वर्षांपूर्वी इंग्रजी शिक्षण आखडल्याची जी सल होती, ती त्या वर्षी मंडळीने स्वतःच्या हातांनी काढली असे म्हणायला हरकत नाही. अँडरसनसाहेबांना हे पाहायला मिळाले असते तर ते खूश झाले असते की नाराज, ठरवणे अवघड आहे.

आता शहराचे नाव कागदोपत्री अहिल्यानगर आहे, खेड्यांतल्या मंडळ्यांची पोरे पुण्या-मुंबईला पोटामागे गेली आहेत, आणि पंचांच्या सभेत जुनाच वाद नव्या शब्दांत चालतो. स्पीकर आधी की शब्बाथशाळेची खोली आधी? तरुणांना गिटार हवी, म्हाताऱ्यांना टाळ. मागल्या साली एकाने उठून म्हटले, की बाहेर सांगायला जाण्याआधी आपल्या आतले दोन भाऊ जमिनीवरून बोलत नाहीत, ते बघा. सभा थोडा वेळ गप्प झाली. मग विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय निघाला.

कापणीच्या सणाला मात्र वाद नसतो. वेदीपुढे ज्वारीची कणसे, बाजरी, भोपळे, गूळ, कोंबडीसुद्धा. उपासना झाली की अंगणात लिलाव. गेल्या सणाला एका म्हातारीने आणलेला भोपळा पाच रुपयांपासून बोलीला लागला, चढत चढत पाचशेला गेला. घेणाऱ्याने तो उचलला आणि परत टेबलावर ठेवला, पुन्हा लिलावाला. तो तीनदा विकला गेला. चौथ्यांदा कोणी बोली लावायच्या आत म्हातारीने तो काखेला मारला आणि म्हणाली, ‘बास झालं, आता पाळकांच्या घरी भाजीला जाऊ द्या.’